पिवळे उंदीर आणि वहिनींची बाटली

गेल्या महिन्यात नाशिकला वहिनींकडे गेले होते. निघायच्या दिवशी कुडत्याचे बटण तुटले. वहिनींनी शिवणाच्या खणातून एक पांढरी प्लॅस्टिकची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "यात बघा वन्सं, जोडीचं सापडलं तर." झाकण उघडले. आत बटणे, हूक, सेफ्टी पिना, एक तुटकी चेन. लेबल अर्धेअधिक निघून गेले होते. पण उरलेल्या तुकड्यावरची चार अक्षरे मी लगेच ओळखली. डीएचईए.

"ही अजून ठेवलीत तुम्ही?"

"बाटली चांगली आहे की! आतलं लागलं नाही मला, त्यात बाटलीचा काय दोष?"

ती बाटली आमच्या घरात आली १९९७ च्या दिवाळीत. पण तिची गोष्ट त्याच्या चौदा वर्षे आधी सुरू होते, आणि ती सुरू मीच केली होती. आज ती लिहायला बसले आहे ती त्यामुळेच. वजन उतरवणारी, साखर घटवणारी, म्हातारपण लांबवणारी नवनवी नावे रोज घराघरांत येऊन पडत आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीशी कुठला तरी 'प्राण्यांवरचा प्रयोग' उभा केला जातो आहे. त्या प्रयोगांचा अर्थ काय लावायचा, हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले. घरच्या माणसाला मात्र ते सांगायचे राहून गेले.

ग्रंथालयातली ती दुपार

१९८३ साली मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. परदेशी नियतकालिके तेव्हा बोटीने यायची. सहा-आठ महिन्यांचा जुना अंक हाती पडला तरी आम्हाला तो ताजाच वाटायचा. अशाच एका दुपारी 'डायबेटिस' या अमेरिकन नियतकालिकाचा १९८२ सालचा अंक चाळताना एका लेखावर नजर थांबली. लेखक होते डग्लस कोलमन आणि त्यांचे सहकारी.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, समुद्रकाठी बार हार्बर नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे निरनिराळे वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात, आपल्याकडचा जुना शेतकरी बियाण्याचे वाण जपतो तसे. १९५० च्या सुमारास त्यांच्या पिंजऱ्यांत एक उंदीर असा निघाला की तो खातच राही आणि चेंडूसारखा फुगत जाई. साठच्या दशकात दुसरा एक वाण सापडला, तोही लठ्ठ, आणि त्याला भयंकर मधुमेह. कोलमन यांनी या दोन जातींचा पिच्छा पुरवला. दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडायचे आणि एकाच्या रक्तातल्या पदार्थाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की 'पुरे, पोट भरले' असा निरोप मेंदूला देणारा कुठला तरी पदार्थ रक्तात असतो. लठ्ठ उंदरांत तो पदार्थच तयार होत नाही आणि मधुमेही उंदरांना तो असूनही ऐकू येत नाही. हा पदार्थ, लेप्टिन, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या हाती लागला तो १९९४ मध्ये. कोलमन यांचे अनुमान त्याआधी वीस-पंचवीस वर्षांचे. असा हा कसलेला माणूस.

त्यांच्या १९८२ च्या लेखात मधुमेही उंदरांच्या अन्नात एक पदार्थ मिसळला होता. प्रमाण ०.४ टक्के. उंदरांच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आली. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी एरवी या उंदरांत झिजून जातात, त्या टिकून राहिल्या. पदार्थाचे नाव डिहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन, म्हणजेच डीएचईए.

लेखाच्या शेवटच्या संदर्भांवरून मी मागे मागे गेले. १९७७ मध्ये एली लिली या औषध कंपनीतल्या टेरेन्स येन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळ्या उंदरांवर काम केले होते. एका जनुकातल्या बदलामुळे या उंदरांचे केस पिवळे होतात आणि वयाबरोबर अंग गोल होत जाते. डीएचईए दिलेले पिवळे उंदीर लठ्ठ झालेच नाहीत. विशेष म्हणजे त्यांची भूक कमी झाली नव्हती. तेवढेच खाऊन ते सडसडीत राहिले! फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले आर्थर श्वार्ट्झ तर उंदरांमधला स्तनाचा कर्करोग याच पदार्थाने रोखता येतो का ते पाहत होते, आणि त्यांनाही आशादायक उत्तरे मिळत होती.

त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे दादाकडे जमलो होतो. वहिनींना आदल्याच वर्षी मधुमेह निघाला होता. वय चाळीस. सगळ्यांच्या पानात मोदक पडत होते आणि त्या स्वतः अर्धा मोदक मोडून ताटाच्या कडेला ठेवत होत्या. ते पाहवेना म्हणून मी बोलून गेले, "वहिनी, काळजी करू नका. अमेरिकेत पिवळे उंदीर आहेत, त्यांना एक औषध दिलं तर खाऊनसुद्धा ते बारीक राहतात आणि साखरही उतरते. आपल्याकडे यायला थोडी वर्षं लागतील इतकंच." वहिनी हसल्या. दादाचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने डोळे विस्फारून विचारले, "खरंच पिवळे, आत्या?"

"खरंच पिवळे," मी म्हटले. प्रयोगाच्या तपशिलातले एवढेच त्या घराच्या लक्षात राहिले.

तारुण्याचा कच्चा माल

हा पदार्थ आहे तरी काय? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या जी संप्रेरके तयार करतात त्यांत डीएचईएचे प्रमाण मोठे असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी १९३४ मध्ये मानवी मूत्रातून तो वेगळा काढला. (लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी त्यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले.) पुढे १९६० मध्ये फ्रान्सचे एतिएन-एमिल बोलिय यांनी दाखवून दिले की अधिवृक्क ग्रंथी हा पदार्थ गंधकाची जोड दिलेल्या रूपात रक्तात सोडतात. शरीर त्यापासून गरजेप्रमाणे पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन आणि स्त्री संप्रेरक इस्ट्रोजेन बनवते. भिजवलेल्या कणकेसारखेच म्हणा. पोळी करायची की पुरी, ते पुढे ठरते.

या पदार्थाची एक गंमत आहे. विशी-तिशीत त्याची रक्तातली पातळी सर्वांत जास्त असते आणि मग ती हळूहळू घसरत जाते. सत्तरी-ऐंशीला तारुण्यातल्या पातळीचा पाचवा-दहावा हिस्सा उरतो. झाले! लोकांनी सोपे गणित मांडले. तरुणपणी भरपूर असतो, म्हातारपणी नसतो. मग गोळीतून घेतला की तारुण्य परत. केस पिकणे ही वयाची खूण आहे, पण कलप लावल्याने कुणाचे वय उतरलेले नाही, हा साधा विचार इथे कुणाला सुचला नाही.

उंदरांच्या बातम्या प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत डीएचईएच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी दुकानांतून सर्रास विकल्या जाऊ लागल्या. १९८५ मध्ये तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने ही विक्री बंद केली. पण १९९४ मध्ये अमेरिकेत पूरक आहारासंबंधी नवा कायदा आला. त्याने जीवनसत्त्वे, वनौषधी आणि तत्सम पदार्थांना औषधांच्या कडक चाचण्यांतून सूट दिली. डीएचईए त्याच दारातून परत आत आला. काल ज्याला औषध म्हणून मनाई होती, तो आज 'पूरक आहार' म्हणून किराणा दुकानात मिळू लागला. पदार्थ तोच, लेबल वेगळे.

सहा बाटल्या

१९९७ मध्ये भाचा न्यू जर्सीत संगणकाच्या नोकरीत होता. दिवाळीला आला तो दोन मोठ्या बॅगा घेऊन. चॉकलेटे, बदाम, शाम्पू, आणि बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेल्या सहा पांढऱ्या बाटल्या. प्रत्येकीत पन्नास मिलिग्रॅमच्या साठ गोळ्या.

"आत्या, ओळख बघू काय आणलंय ते! तुझे पिवळे उंदीर आठवतात? तेच औषध. आता तिकडे उघड मिळतं."

मी बाटली हातात घेतली आणि खरे सांगायचे तर मला आनंद झाला. चौदा वर्षांपूर्वी मी जे म्हणाले होते ते खरे ठरले, हा तो आनंद. घरातली सगळी माझ्याकडे पाहत होती. त्या वेळी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: माणसांवर काय झाले? तो मी विचारला नाही. "घेऊन बघायला हरकत नाही," असे मी म्हणाले. एका शिक्षिकेच्या तोंडच्या या चार शब्दांना घरात केवढे वजन असते, ते मला नंतर कळले.

पुढचे चार महिने मी माझ्या परीक्षांच्या गडबडीत होते. मार्चमध्ये दादाचा फोन आला. वहिनींना चक्कर येऊन पडल्यामुळे दवाखान्यात न्यावे लागले होते. साखर तीनशेच्या वर. मी संध्याकाळच्या गाडीने नाशिकला पोचले.

वहिनी पदराने हनुवटी झाकून पलंगावर बसल्या होत्या. दादा बाहेर गेल्यावर त्यांनी पदर बाजूला केला. हनुवटीवर आणि ओठावर काळे राठ केस. गालावर चौपन्नाव्या वर्षी मुरमे. "रोज पहाटे सगळे उठायच्या आत चिमट्याने उपटते वन्सं," त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू? मुलाने एवढ्या प्रेमाने आणलं."

"आणि साखरेच्या गोळ्या?"

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "दोनाची एक केली होती. तुम्हीच म्हणाला होतात ना, यानं साखर उतरते म्हणून."

डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, आणखी काही औषध चालू आहे का? वहिनींनी नाही म्हणून सांगितले होते. त्यात त्यांच्या मते खोटे काहीच नव्हते. बाटलीवर औषध असे कुठे लिहिले होते? ते तर 'सप्लिमेंट' होते.

डॉक्टरांना मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. गोळ्या बंद झाल्या, साखरेचे औषध पूर्ववत झाले, आठ-दहा दिवसांत साखर ताळ्यावर आली. मुरमे गेली. केस मात्र सहजासहजी गेले नाहीत. पुरुषी संप्रेरकाने एकदा राठ केलेला केस लगेच परत मऊ होत नाही. हा पदार्थ शरीरात टेस्टोस्टेरॉनकडे वळतो हे मी दरवर्षी फळ्यावर बाणांनी काढून दाखवत होते. वहिनींच्या हनुवटीवर तो बाण मला पहिल्यांदा दिसला.

परत ग्रंथालयात

पुण्याला आल्यावर मी सुटी टाकली आणि चार दिवस ग्रंथालयात बसले. पंधरा वर्षांपूर्वी जे उत्साहात वाचले होते तेच या वेळी पेन्सिल घेऊन वाचले.

आधी मात्रेचे गणित केले. अन्नात ०.४ टक्के हा आकडा किती किरकोळ वाटतो! उंदीर दिवसाला साधारण चार ग्रॅम अन्न खातो. म्हणजे सोळा मिलिग्रॅम डीएचईए. पण तो उंदीर असतो तीस-बत्तीस ग्रॅमचा. किलोमागे हिशेब केला तर ५०० मिलिग्रॅम. चौसष्ट किलोच्या बाईला त्याच प्रमाणात द्यायचे तर ३२ ग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमच्या ६४० गोळ्या रोज. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो म्हणून शास्त्रज्ञ असा सरळ गुणाकार करत नाहीत; उंदराची मात्रा माणसासाठी साधारण बाराने भागतात. तसे केले तरी बावन्न-त्रेपन्न गोळ्या होतात. वहिनींची बाटली जेमतेम एका दिवसाला पुरली असती. त्या घेत होत्या एक गोळी. उंदरांवरचा फायदा मिळण्याइतकी ती मोठी नव्हती आणि हनुवटीवर केस येण्याइतकी लहानही नव्हती.

दुसरी गोष्ट याहून मोठी होती, आणि ती मला ठाऊक असायला हवी होती. प्रौढ उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी डीएचईए जवळजवळ तयारच करत नाहीत. त्यासाठी लागणारे एक विकर त्या ग्रंथींत नसते. माणसात आणि माकडांच्या काही जातींत हा पदार्थ रक्तात वाहतो. उंदराच्या रक्तात त्याचा मागमूस असतो म्हटले तरी चालेल. तेव्हा उंदराला डीएचईए देणे म्हणजे वयाने कमी झालेले काही भरून काढणे नव्हते. त्याच्या शरीराला अनोळखी असलेला पदार्थ ढिगाने आत लोटणे होते. त्यावरून माणसाच्या म्हातारपणाबद्दल निष्कर्ष काढायचा तरी कसा?

मग उंदीर बारीक का राहत होते? याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हेन्री लार्डी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की डीएचईए आणि त्यापासून बनलेले पदार्थ मोठ्या उंदरांच्या यकृतातली काही विकरे वाढवतात आणि अन्नातली ऊर्जा चरबीत साठण्याऐवजी उष्णता होऊन निघून जाते. विहिरीचे पाणी कच्च्या पाटाने सोडले की वाफ्यापर्यंत पोचेतो निम्मे जमिनीत मुरते, तसे. काही प्रयोगांत मात्र प्राण्यांनी असे मिसळलेले अन्न मुळातच कमी खाल्ले. हे ओळखायला शास्त्रज्ञांची एक साधी युक्ती असते. औषध दिलेल्या उंदराने काल जेवढे खाल्ले, नेमके तेवढेच आज बिनऔषधाच्या उंदराला द्यायचे. दोघेही सारखेच बारीक झाले तर श्रेय उपासाचे. फरक उरला तरच श्रेय औषधाचे. अशा तुलनेत परिणामाचा काही भाग कमी खाण्याचा निघाला, काही भाग खरोखरच औषधाचा.

आणि यकृत? तिथे या सौद्याची दुसरी बाजू होती. मोठ्या मात्रेने उंदरांची यकृते सुजल्यासारखी वाढत. यकृताच्या पेशींत चरबी जाळणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची संख्या भरमसाट होई. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या उंदरांना दीड वर्षाहून अधिक काळ ०.४५ टक्के डीएचईए दिला, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना यकृताचा कर्करोग झाला. हे वाचून माझे हातपाय गार पडले. पुढे कळले की यकृतातल्या या बदलांमागे पेशीतले एक विशिष्ट 'बटण' असते, आणि माणसाच्या यकृतात ते उंदराच्या मानाने फारच दुबळे असते. म्हणजे उंदरांना झालेला कर्करोग माणसाला तसाच होईल असे म्हणता येत नाही. पण मग न्याय सारखाच लावायला हवा. उंदराची भीती माणसाला लागू नाही असे म्हणायचे असेल तर उंदराचा फायदाही आपोआप लागू होत नाही. गोळ्या विकणारे मात्र फायदा तेवढा उचलतात.

माणसांवरचे प्रयोगही तोवर झाले होते. १९८८ मध्ये अमेरिकेत पाच निरोगी पुरुषांना रोज १६०० मिलिग्रॅम डीएचईए अठ्ठावीस दिवस दिला. त्यांच्या शरीरातल्या चरबीचे प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी घटले, वजन तेवढेच राहिले. केवढी बातमी! पण माणसे किती? पाच. लठ्ठ पुरुषांवर तेच पुन्हा करून पाहिले तेव्हा काहीच दिसले नाही. आणि १९९० मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांना तीच मात्रा दिल्यावर त्यांच्या रक्तात पुरुषी संप्रेरके कितीतरी पटींनी वाढली आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले. म्हणजे मधुमेहाच्या दिशेने. वहिनींना बाटली मिळाली त्याच्या सात वर्षे आधी हे छापून आले होते, आणि ते माझ्याच ग्रंथालयात होते.

त्यानंतरची वर्षे

त्यानंतर या पदार्थाचा पाठपुरावा मी सोडला नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारातल्या सोळा कंपन्यांच्या डीएचईए गोळ्या तपासल्या गेल्या. लेबलावर लिहिलेल्या मात्रेच्या शून्य टक्क्यापासून १५० टक्क्यांपर्यंत काहीही आत निघाले. म्हणजे कुठल्या बाटलीत नुसतीच पूड, कुठल्या बाटलीत दीडपट माल.

लठ्ठ पाळीव कुत्र्यांवर विस्कॉन्सिनमध्ये प्रयोग झाले आणि त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांचे वजन उतरले. पण मात्रा तिथेही प्रचंड होती. २००० मध्ये बोलिय यांच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या २८० स्त्री-पुरुषांना वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम दिल्याचे निष्कर्ष आले. त्वचा, हाडे यांत थोडेफार फायदे दिसले, तेही प्रामुख्याने सत्तरीपुढच्या स्त्रियांत. तारुण्य कुणाचे परतले नाही. २००४ मध्ये अमेरिकेत ५६ वृद्धांवर सहा महिने झालेल्या अभ्यासात पोटातली चरबी स्त्रियांत सुमारे १० आणि पुरुषांत ७ टक्क्यांनी घटली. पुन्हा आशा पालवली. मग २००६ मध्ये मेयो क्लिनिकच्या के. श्रीकुमारन नायर आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दिले. शरीराची ठेवण, ताकद, इन्सुलिनचा परिणाम, रोजच्या जगण्यातली उमेद, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही.

डीएचईए निरुपयोगी ठरला असे मात्र नाही. २०१६ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या एका स्थानिक त्रासासाठी त्याला अमेरिकेत औषध म्हणून रीतसर मान्यता मिळाली. वंध्यत्वावर उपचार करणारे काही डॉक्टर तो देतात, त्याच्या उपयोगाबद्दल दुमत आहे. खेळाडूंना तो उत्तेजक म्हणून वर्ज्य आहे. म्हणजे तो साधा 'पूरक आहार' नाही, हे क्रीडाक्षेत्राने तरी ओळखले.

उंदीर खोटे ठरले का?

हे सारे ऐकल्यावर विद्यार्थी विचारत, "मॅडम, मग उंदरांवरचे प्रयोग करायचेच कशाला?" मी त्यांना कोलमन यांच्याच लेप्टिनची गोष्ट सांगे. लेप्टिन टोचल्यावर लठ्ठ उंदीर बारीक झाले तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हे, जास्तच निघाले. ते वाढवून उपयोग झाला नाही. तरीही जगात मूठभर मुले अशी सापडली की ज्यांच्यात त्या उंदरासारखेच जन्मतः लेप्टिन नव्हते. त्यांना ते दिल्यावर त्यांची न शमणारी भूक शमली आणि वजन उतरले. उंदराने दिलेले उत्तर बरोबर होते. ते कुणाला लागू पडते हे शोधण्याचे काम माणसाचे होते.

कोलमन यांनी कुठेही लिहिले नव्हते की मधुमेही माणसाने गोळ्या कमी कराव्यात. त्यांनी लिहिले ते उंदरांच्या एका वाणाबद्दल, एका मात्रेबद्दल, काही आठवड्यांबद्दल. वाण गळला, मात्रा गळली, मुदत गळली, आणि गणपतीच्या पंगतीत उरले ते 'खाऊनसुद्धा बारीक'. ती गळती माझ्या तोंडून झाली. भाच्याला मी कधी बोल लावला नाही. त्याने आईसाठी औषध आणले, आत्यावर विश्वास ठेवून.

परवा बटण शिवून झाल्यावर वहिनी चष्मा काढून म्हणाल्या, "शेजारच्या सूनबाई आठवड्याला एक इंजेक्शन घेतात. बारा किलो उतरलं म्हणे. माझे डॉक्टरही म्हणत होते, साखरेसाठी विचार करू. वन्सं, हेही उंदरांवरच केलेलं ना?"

ऐंशी ओलांडलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न ऐकून मी सुईत दोरा ओवायचे सोडून नीट बसले. २०२५ मध्ये आपल्याकडे वजन उतरवण्यासाठी बाजारात आलेल्या या इंजेक्शनांबद्दल मला जे ठाऊक होते ते सांगितले. उंदरांवर झाले, उंदरांना त्यात गलग्रंथीच्या गाठीही झाल्या, म्हणून सोबतच्या कागदावर तशी सूचना असते. पण मग माणसांवरही झाले. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,९६१ माणसे होती, ६८ आठवडे, आणि वजन सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले. मळमळ, उलट्या हे त्रास बऱ्याच जणांना झाले. तुमच्या वयाच्या आणि अंगाच्या बाईला ते मानवेल की नाही, स्नायू झिजतील का, ते मी सांगू शकत नाही. ते तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासून सांगतील.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. "मागच्या खेपेला किती माणसं होती म्हणालात?"

"पाच."

"आणि आता?"

"जवळजवळ दोन हजार."

"मग डॉक्टरांना विचारते," त्या म्हणाल्या. "आणि या खेपेला काय काय घेते ते सगळं सांगते त्यांना. तुम्ही आणलेला तो मेथीचा काढासुद्धा."

एवढे बोलून त्यांनी उरलेली बटणे बाटलीत भरली, झाकण घट्ट लावले आणि बाटली खणात जागच्या जागी ठेवून दिली.